पाहुण्याचा वर्ग : लाफ्काडिओ हर्नच्या मात्सुए येथील दैनंदिनीचा विचार

१

परदेशी राहून तेथील जीवनाविषयी लिहिणाऱ्या लेखकांचे प्रवासी आणि निवासी असे दोन वर्ग सामान्यतः कल्पिले जातात. प्रवासी पाहतो आणि निघून जातो. निवासी राहतो, परंतु त्याच्या राहण्याचे प्रयोजन बहुधा व्यापार, धर्मप्रसार किंवा राजकारण यांपैकी एखादे असते, आणि त्या प्रयोजनाच्या झरोक्यातूनच त्याला भोवतालचे जग दिसते. या दोहोंतही नीटसा न बसणारा एक तिसरा वर्ग आहे, तो शाळामास्तरांचा. परदेशी शाळामास्तराला रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत, तेथील मुलांसमोर उभे राहावे लागते. तो मुलांकडे पाहत असतो त्याहून अधिक बारकाईने मुले त्याच्याकडे पाहत असतात. पाहणाराच पाहिला जातो, ही या वर्गाच्या लेखनाची खास अवस्था होय. या लेखनाचे गुण आणि दोष दोन्ही याच अवस्थेतून उद्भवतात.

१८६८ च्या स्थित्यंतरानंतर जपानी शासनाने पाश्चात्त्य विद्या आत्मसात करण्यासाठी परदेशी शिक्षक मोठ्या वेतनावर आणविले. विल्यम एलियट ग्रिफिस हा अमेरिकन १८७१ मध्ये फुकुई येथे शास्त्रविषय शिकविण्यासाठी गेला आणि १८७६ मध्ये त्याने ‘द मिकाडोज एम्पायर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु ग्रिफिसच्या ग्रंथाचा मुख्य विषय राष्ट्राचा इतिहास आणि त्याचे परिवर्तन हा आहे. शाळेचा रोजचा दिवस हाच ज्याच्या लेखनाचा विषय झाला असा लेखक म्हणजे लाफ्काडिओ हर्न. त्याच्या ‘ग्लिम्प्सिस ऑफ अनफॅमिलिअर जपान’ (१८९४) या द्विखंडात्मक ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात ‘फ्रॉम द डायरी ऑफ ॲन इंग्लिश टीचर’ हे दीर्घ प्रकरण आहे. जपानी मुलांना शिकविणाऱ्या परक्या मास्तराचे जीवन ज्या लेखनातून प्रथम पूर्णपणे साहित्यात आले, ते हे प्रकरण होय.

या प्रकरणाची कीर्ती मोठी आहे. परंतु त्याचे वाचन बहुधा दोनच दिशांनी झाले आहे. एक पक्ष त्यात जपानी मनाचे सहानुभूतिपूर्ण आणि यथार्थ दर्शन पाहतो. दुसरा पक्ष त्यात एका स्वप्नाळू परक्याने रंगविलेले काल्पनिक चित्र पाहतो. दोन्ही पक्ष एक प्रश्न विचारावयाचे विसरतात : वर्गात हर्नला जे दिसले ते कोणत्या नात्याने दिसले? या प्रश्नाचे उत्तर शोधले, म्हणजे दैनंदिनीतील सत्य कोठे आहे आणि भ्रम कोठे आहे हे पुष्कळ अंशी स्पष्ट होते.

२

हर्नचा पूर्ववृत्तान्त थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. त्याचा जन्म १८५० मध्ये ग्रीसजवळील लेफ्कादा बेटावर झाला. आई ग्रीक, बाप ब्रिटिश सैन्यातील आयरिश शल्यवैद्य. आईवडिलांचे छत्र लवकरच नाहीसे होऊन तो डब्लिनमध्ये एका वृद्ध नातलग बाईकडे वाढला. विद्यार्थिदशेतच त्याचा एक डोळा निकामी झाला. एकोणिसाव्या वर्षी तो अमेरिकेला गेला. सिनसिनाटी आणि न्यू ऑर्लिअन्स येथे त्याने वृत्तपत्रांत काम केले आणि पुढे सुमारे दोन वर्षे मार्टिनिक बेटावर काढली. ज्याला सांगण्यासारखा स्वतःचा देश उरला नव्हता असा हा माणूस एप्रिल १८९० मध्ये एका अमेरिकन प्रकाशनसंस्थेसाठी लिहिण्याच्या कामगिरीवर योकोहामा बंदरात उतरला. ती कामगिरी त्याने लवकरच सोडली आणि बेसिल हॉल चेंबरलेन या जपानविद्येच्या अभ्यासकाच्या मदतीने शिक्षकाची जागा मिळविली. ३० ऑगस्ट १८९० रोजी तो पश्चिम किनाऱ्याकडील मात्सुए या जुन्या किल्ल्याच्या गावी पोहोचला. करार एका वर्षाचा होता आणि वेतन दरमहा १०० येन. काम माध्यमिक शाळेत आणि तिच्याच आवारातील नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत, इंग्रजी शिकविण्याचे. करारपत्रात त्याचे नाव जपानी लिपीत ‘हेरुन’ असे लिहिले गेले आणि गावाने तेच नाव कायम केले.

मात्सुएमध्ये तो सुमारे चौदा महिने राहिला. नोव्हेंबर १८९१ मध्ये तो क्यूशू बेटावरील कुमामोतो येथे उच्च माध्यमिक शाळेत गेला. आता ‘दैनंदिनी’ या शब्दाकडे पाहावे. प्रकरणाचा प्रारंभ २ सप्टेंबर १८९० या तारखेने होतो आणि पुढेही तारखा येतात. त्यामुळे वाचकाला ताज्या नोंदी वाचल्याचा भास होतो. परंतु ग्रंथाच्या प्रस्तावनेखाली कुमामोतो, मे १८९४ असा स्थलकालनिर्देश आहे. म्हणजे मात्सुएच्या दिवसांची ही मांडणी मात्सुए सुटल्यानंतर, दुसऱ्या आणि त्याला फारशा न मानवलेल्या गावात बसून सिद्ध झाली. कुमामोतोहून चेंबरलेनला लिहिलेली त्याची पत्रे पुढे १९१० मध्ये एलिझाबेथ बिसलँड हिने प्रकाशात आणली. त्या पत्रांतील वैताग, एकाकीपणा आणि सहकाऱ्यांविषयीचा अविश्वास पाहिला, म्हणजे दैनंदिनीतील उजेड हा केवळ पाहिलेल्या वस्तूंचा नसून गमावलेल्या वस्तूंचाही आहे हे ध्यानात येते. रूपाने ही दैनंदिनी आहे; वृत्तीने ती स्मरणी आहे. तिच्यातील प्रत्येक सामान्य विधान वाचताना हा भेद जागा ठेवावयास हवा.

३

दैनंदिनीचे खरे सामर्थ्य तिच्यातील रोजच्या व्यवहाराच्या चित्रणात आहे. पहिल्या दिवशी नीशिदा सेंतारो हा इंग्रजी जाणणारा सहकारी त्याला इमारती दाखवितो. एका कोपऱ्यात करड्या-निळ्या रंगाची माध्यमिक शाळा, समोरच्या कोपऱ्यात पांढरी शुभ्र नॉर्मल स्कूल, दोन बाजूंना कालवे. नीशिदाच त्याला राज्यपाल कोतेदा यांच्या भेटीस नेतो, वर्गाची रीत समजावून देतो, फळ्यावर काय लिहावे आणि किती सावकाश बोलावे हे सुचवितो. हर्नला जपानी येत नव्हते आणि पुढेही ती भाषा त्याला वाचण्याइतकी कधी अवगत झाली नाही. त्यामुळे मात्सुएचा वर्ग प्रथम त्याच्यापुढे येतो तो नीशिदाच्या मध्यस्थीने. हर्न हे लपवीत नाही. उलट नीशिदाविषयीची कृतज्ञता प्रकरणभर पसरलेली आहे. १८९७ मध्ये नीशिदा वारला. तोवर हर्नची पाच पुस्तकेही जपानवर झाली नव्हती; पण त्यांपैकी पहिल्याचा पाया या मित्राच्या खांद्यावर उभा होता.

वर्गातील मुखांविषयीची त्याची नोंद प्रसिद्ध आहे. प्रारंभी ही मुखे त्याला अर्धवट रेखाटलेल्या चित्रांसारखी वाटतात. त्यांत ना आक्रमकता, ना संकोच, ना कुतूहलाचा स्पष्ट ठसा. कालांतराने मात्र एकेक मुख त्याला वेगळे दिसू लागते. ही नोंद जपानी मुखांविषयी जितके सांगते त्याहून अधिक परक्या डोळ्यांविषयी सांगते, आणि ते हर्नने जाणूनबुजून सांगितले आहे. नव्या शिक्षकाला नवा वर्ग प्रथम एकजिनसी दिसतो आणि नंतर नावानिशी उलगडत जातो, हा अनुभव कोणत्याही देशातील शिक्षकाला ओळखीचा आहे. परदेशात हा उलगडा होण्यास अधिक वेळ लागतो, एवढेच. हर्नची दृष्टी निकोप आहे ती येथे. कारण येथे तो आपल्या पाहण्याचीही नोंद ठेवतो.

तीच गोष्ट मुलांच्या घरभेटींची. शाळा सुटल्यावर विद्यार्थी त्याच्या घरी येतात, नमस्कार करून बैठकीवर बसतात, चहा घेतात, पुष्कळ वेळ काहीच बोलत नाहीत. कधी एखादे फूल घेऊन येतात, कधी घराण्यात जपून ठेवलेले चित्र किंवा वस्तू केवळ दाखविण्यासाठी आणतात आणि परत घेऊन जातात. त्यांच्या मौनाचा हर्नला त्रास होत नाही. मौन हेही भेटीचेच एक अंग आहे हे त्याला उमगते. भाषा अपुरी असताना वस्तू कशी बोलते याचे हे चित्रण विलक्षण साधे आणि म्हणूनच विश्वसनीय आहे. मुलगा घरातील ठेव आणतो तेव्हा तो इंग्रजीचा धडा देत-घेत नसतो. आपले घर शिक्षकाच्या घरी आणीत असतो.

४

याच वर्गाविषयी हर्न जेथे सामान्य सिद्धान्त मांडू लागतो, तेथे मात्र दैनंदिनीचा तोल जाऊ लागतो. मुलांच्या इंग्रजी निबंधांचा भाग या दृष्टीने निर्णायक आहे. चंद्र, बोतान म्हणजे तेथील शकुनी फूल, अशा विषयांवर मुले लिहितात. हर्न त्यांतील काही उतारे देतो. बोतान दिसायला सुंदर, पण त्याचा वास चांगला नाही. तेव्हा केवळ बाह्य सौंदर्यावर भुलू नये, असा एकाचा बोध आहे. हर्न म्हणतो की, अशा निबंधांत वैयक्तिक कल्पकता जवळजवळ नसते. त्याच उपमा, तेच बोध पुनःपुन्हा येतात. वीस मुलांच्या इंग्रजी हस्ताक्षरांतही एक घराणे दिसते. याचे कारण तो चिनी चित्रलिपी पाठ करण्याच्या शिक्षणात आणि वंशपरंपरेने आलेल्या उपमांच्या साठ्यात शोधतो. अशा रीतीने हे निबंध त्याच्या लेखी एका राष्ट्राच्या सामूहिक भावनेचे दस्तऐवज ठरतात.

हे अनुमान तपासून पाहावयास हवे. जी मुले नुकतीच परकी भाषा शिकत आहेत, ज्यांच्याजवळ तिचे शब्द मोजके आहेत आणि चूक होण्याची भीती मोठी आहे, ती मुले त्या भाषेत वेगळेपणा आणणार कशी? परभाषेतील शालेय निबंध हा स्वतःच एक साचा आहे. फुलावरून बोध, चंद्रावरून उपमा, शेवटी सुविचार, हा आराखडा त्या काळच्या इंग्रजी वाचनमालांतूनही आलेला होता. हस्ताक्षरांचे साम्य तर कित्ता गिरविणाऱ्या कोणत्याही देशातील वर्गात दिसावे. हर्नला ऐकू आला तो राष्ट्राचा आवाज. वस्तुतः त्यातील बराचसा भाग त्याच्याच विषयाचा, म्हणजे इंग्रजीच्या तासाचा, प्रतिध्वनी होता. शिक्षक आपल्या विषयाच्या मर्यादेलाच विद्यार्थ्यांचा स्वभाव समजला.

या अनुमानाचे खंडन करण्यासाठी दैनंदिनीबाहेर जावे लागत नाही. त्याच प्रकरणात हर्न काही विद्यार्थ्यांची नावानिशी ओळख करून देतो. त्यांपैकी इशिहारा हा सामुराई घराण्यातील मुलगा. वर्गात त्याचे वजन मोठे. तो मनात येईल ते त्याच सुरात बोलून दाखवितो आणि शिक्षकाचे समजावणे अपुरे वाटले तर तसे सांगावयासही कचरत नाही. ओतानी मासानोबु चिकाटीने अभ्यास करणारा. योकोगी सुताराचा मुलगा. सर्वांचे निबंध एका वळणाचे असतील, पण ही मुले एका वळणाची नाहीत. सिद्धान्त मांडणारा हर्न ‘जपानी विद्यार्थी’ नामक एक व्यक्ती कल्पितो. नोंदी लिहिणारा हर्न तिचा प्रत्येक पानावर प्रतिवाद करतो. चेंबरलेनने उत्तरायुष्यात असे मत दिले की, हर्नला तपशील स्पष्ट दिसत, पण समग्राचे आकलन त्याला होत नसे. हे मत दोष म्हणून मांडले गेले. दैनंदिनीपुरते पाहिले तर त्यात तिचे श्रेयही सामावलेले आहे : तिचे समग्र चुकले आहे, म्हणूनच तिचे तपशील जपून वाचले पाहिजेत.

५

हर्नच्या चित्रातील विद्यार्थी इतके सौम्य, इतके आदरशील का दिसतात, या प्रश्नाचे उत्तर एका वेगळ्या साहित्यकृतीच्या तुलनेत सापडते. नात्सुमे सोसेकी हा १८९५ मध्ये शिकोकू बेटावरील मात्सुयामाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकविण्यासाठी गेला. मात्सुयामा हेही मात्सुएसारखेच किल्ल्याचे जुने गाव. पुढच्याच वर्षी तो कुमामोतोच्या त्याच शाळेत गेला जेथे काही काळापूर्वी हर्न होता, आणि १९०३ मध्ये टोकियोच्या शाही विद्यापीठात हर्नला सोडावी लागलेली जागा भरून काढण्याचे कठीण काम त्याच्या वाट्यास आले. मात्सुयामाच्या अनुभवाच्या पायावर उभी असलेली त्याची ‘बोत्चान’ ही कादंबरी १९०६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक हा टोकियोहून आलेला गणिताचा तरुण शिक्षक. तो दुकानात काय खातो यावर विद्यार्थी पाळत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर लिहून ठेवतात. रात्रपाळीला तो शाळेत झोपला असता त्याच्या अंथरुणात टोळ सोडतात आणि विचारले असता साळसूदपणे शब्दच्छल करतात.

मात्सुएची मुले आणि ‘बोत्चान’मधील मुले एकाच पिढीची, एकाच प्रकारच्या शाळेतील, एकाच प्रकारच्या गावातील. मग एका लेखकाला आदर का दिसला आणि दुसऱ्याला खोडी का दिसली? सोसेकीची कृती विनोदी कादंबरी आहे, तिची अतिशयोक्ती उघड आहे, हे खरे. तथापि मेजी काळात विद्यार्थ्यांनी एकजूट करून शिक्षकांविरुद्ध बंड केल्याची उदाहरणे दुर्मिळ नव्हती, आणि शिक्षकाची पारख विद्यार्थीच करतात ही जाणीव हर्नच्या दैनंदिनीतही आहे. तेव्हा भेद मुलांत नसून नात्यात आहे. बोत्चान हा आपल्याच देशातील, आपलीच भाषा बोलणारा, पण टोकियोची घमेंड मिरविणारा माणूस. त्याची परीक्षा घेणे हा मुलांचा हक्क. हेरुन हा दूरदेशाहून आलेला पाहुणा. त्याच्यासमोर गावाची अब्रू राखणे हे मुलांचे कर्तव्य. एकाच मुलाजवळ ही दोन्ही मुखे असतात. हर्नला त्यांपैकी पाहुण्याला दाखवावयाचे मुख दिसले.

ते मुख खोटे नव्हते. पाहुण्याशी कसे वागावे हेही संस्कृतीचे एक सत्य आहे आणि मात्सुएच्या मुलांनी ते सुंदर रीतीने आचरले. हर्नची चूक एवढीच की, आतिथ्य हा त्याने स्वभाव मानला. घरी आलेल्या मुलाचे मौन हा राष्ट्रीय संयम असेल. पण ते परभाषा अपुरी असल्यामुळे पाळलेले मौनही असेल, आणि दारातून बाहेर पडताच तोच मुलगा मित्रांशी मोठ्याने हसतही असेल. ते हसणे ऐकण्याची सोय पाहुण्याला नसते. परदेशी शिक्षकाच्या कोणत्याही लेखनाची ही मूलभूत मर्यादा होय. ती टाळता येत नाही. फक्त ओळखता येते.

हर्नला ती कुमामोतोत ओळखू आली असे दिसते. ‘आउट ऑफ द ईस्ट’ (१८९५) या ग्रंथातील ‘विथ क्यूशू स्टुडंट्स’ हे प्रकरण दैनंदिनीच्या शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे. येथील विद्यार्थी मुले नव्हेत. सामान्यतः अठरा ते पंचवीस वर्षांचे तरुण. ते अबोल आहेत, पण हे अबोलपण आतिथ्याचे नव्हे, अंतर राखण्याचे आहे. हर्न त्यांना ग्रीक पुराणातील अल्सेस्टिसची कथा सांगतो, तेव्हा ते तिच्याकडे करुणकथा म्हणून न पाहता नवऱ्याच्या वर्तनाचा नीतीच्या तराजूत निवाडा करतात. माणसाला सर्वांत अधिक काळ काय स्मरते, या प्रश्नावर ते जी उत्तरे लिहितात ती परस्परांहून वेगळी आहेत. मात्सुएच्या निबंधांवरून काढलेला कल्पनाशून्यतेचा निष्कर्ष येथे, त्याच लेखकाच्या हातून, निम्मा रद्द होतो. शिक्षकाविषयी ओढ कमी असलेल्या विद्यार्थ्यांनीच शिक्षकाला अधिक खरे काही दिले, हा या दोन प्रकरणांच्या तुलनेतून निघणारा विचित्र परंतु अटळ निष्कर्ष आहे.

६

दैनंदिनीतील सर्वांत गंभीर प्रसंग अद्याप उरला आहे. हर्न मात्सुएला पोहोचल्यानंतर दोनच महिन्यांनी, ३० ऑक्टोबर १८९० रोजी, शिक्षणविषयक शाही आज्ञापत्र निघाले. आईवडिलांची सेवा, भावंडांचे प्रेम, विद्याभ्यास यांबरोबरच संकटकाळी राज्यासाठी स्वतःला अर्पण करण्याचा उपदेश त्यात आहे. या आज्ञापत्राच्या समारंभपूर्वक वाचनाचे वर्णन दैनंदिनीत येते. पुढे एका ठिकाणी एक विद्यार्थी शिक्षकाला विचारतो : पूर्वी येथे असलेल्या एका परदेशी शिक्षकाने सम्राटाच्या चित्राला वंदन करण्याला रानटीपणा म्हटले होते, ते खरे काय? हर्नचे उत्तर असंदिग्ध आहे. तसे म्हणणारा मनुष्यच रानटी होय, असे तो म्हणतो. सम्राटाला मान देणे, त्याचे कायदे पाळणे आणि जपानसाठी तो मागेल तेव्हा आपले रक्त देण्यास सिद्ध असणे हे विद्यार्थ्यांचे श्रेष्ठ कर्तव्य आहे, असे तो त्यांना सांगतो.

या उत्तराचा पहिला अर्धा भाग कोणाही विचारी वाचकाला पटण्याजोगा आहे. मुलांच्या वंदनाला रानटी म्हणणारा शिक्षक त्यांचा अपमान करीत होता, आणि त्या अपमानाने दुखावलेल्या मुलाला हर्नने त्याचा मान परत दिला. प्रश्न दुसऱ्या अर्ध्या भागाचा आहे. हर्न केवळ अपमान पुसून थांबत नाही; मरणाची सिद्धता हेच कर्तव्य, असे तो स्वतःच्या अधिकाराने मुलांना सांगतो. त्याच हिवाळ्यात, जानेवारी १८९१ मध्ये, टोकियोच्या एका उच्च माध्यमिक शाळेत उचिमुरा कांझो या जपानी ख्रिस्ती शिक्षकाने त्याच आज्ञापत्रासमोर पुरेसे खोल वंदन केले नाही म्हणून गहजब झाला आणि त्याला आपली जागा गमवावी लागली. म्हणजे हा प्रश्न ‘परके विरुद्ध जपानी’ असा नव्हता. वंदन किती आणि कशासाठी, याविषयी जपानी मनातच वाद चालू होता. हर्नच्या उत्तरात त्या वादाला जागा नाही. त्याने जपानची बाजू घेतली असे त्याला वाटले. प्रत्यक्षात त्याने जपानमधील एका बाजूची बाजू घेतली, आणि तीही शासनाची.

या ठिकाणी मराठी साहित्यविचारातील एक संज्ञा उपयोगी पडते. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून वाचकाच्या आनंदाला ‘सविकल्प समाधी’ म्हटले. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरूनही स्वत्वाची जाणीव न सुटणे, हे तिचे मर्म होय. तादात्म्य हवे, पण ते ताटस्थ्यासह. केळकरांपुढे प्रश्न काव्यास्वादाचा होता. पण परक्या समाजात शिकविणाऱ्या माणसालाही हेच पथ्य लागू पडते. मुलांच्या घरभेटींचे वर्णन करणारा हर्न सविकल्प आहे. ती मुले आणि आपण यांतील अंतर त्याला ठाऊक आहे, आणि ते अंतर ओलांडताना तो ते पुसून टाकीत नाही. सम्राटाविषयी उत्तर देणारा हर्न निर्विकल्प होतो. ज्याला स्वतःचा देश उरला नव्हता त्याने मुलांचा देश इतका आपला केला की, त्या मुलांच्या वतीने शंका घेण्याचे शिक्षकाचे कर्तव्य तो विसरला. पाहुण्याला यजमानाशी मतभेद करणे अवघड जाते, हे खरे. पण शिक्षक केवळ पाहुणा नसतो.

या मुलांपुढे काय वाढून ठेवले होते हे आजच्या वाचकाला ठाऊक आहे. १८९४-९५ चे चीनशी झालेले युद्ध आणि १९०४-०५ चे रशियाशी झालेले युद्ध ही दोन्ही याच पिढीच्या तारुण्यात घडली. शिक्षणविषयक आज्ञापत्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जपानी शाळांत पूज्य राहिले आणि जून १९४८ मध्ये संसदेच्या ठरावाने त्याचे अधिष्ठान संपले. एका परक्या मास्तराच्या चार वाक्यांनी इतिहास घडला असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रेमाने दिलेले उत्तर योग्यच असते, या समजुतीचे मात्र त्या चार वाक्यांनी कायमचे खंडन केले आहे.

७

तरीही दैनंदिनी वाचून संपते तेव्हा मनात उरतात ते तिचे सिद्धान्त नव्हेत आणि तो उपदेशही नव्हे. उरतात ते दोन विद्यार्थ्यांचे मृत्यू. शिदा आणि योकोगी ही दोन्ही मुले हर्नच्या मात्सुएतील वास्तव्यातच दगावली. अपुऱ्या आहारावर आधुनिक अभ्यासक्रमाचे ओझे वाहणाऱ्या मुलांची शक्ती कशी खचते, आणि त्यात बहुधा उत्तम विद्यार्थीच कसे बळी पडतात, हे हर्नने येथे अलंकारावाचून लिहिले आहे. त्याच्या साऱ्या सामाजिक निरीक्षणांत हे निरीक्षण सर्वांत ठाम आहे, कारण ते ‘जपानी स्वभावा’विषयी नसून मुलांच्या ताटाविषयी आणि दप्तराविषयी आहे. अंथरुणाला खिळलेल्या एका मुलाला शेवटी शाळा एकदा पाहावीशी वाटते. रात्री त्याला पाठीवर घेऊन तेथवर नेतात. बंद, अंधारी इमारत पाहून तो समाधानाने परततो. येथे ना आतिथ्याचे मुख आहे, ना परभाषेचा साचा. मुलगा पाहुण्यासाठी काही करीत नाही; पाहुणा तेथे उपस्थितही नाही. त्याला ही हकीकत इतरांकडून कळते आणि तो ती केवळ नोंदवितो. निबंधांवरून काढलेल्या सर्व अनुमानांना जे साधले नाही ते या नोंदीला साधते : एक विद्यार्थी ‘जपानी विद्यार्थी’ न राहता एक मुलगा होतो.

ओतानी मासानोबु याची पुढील हकीकत या संदर्भात बोलकी आहे. तो पुढे टोकियोच्या विद्यापीठात पुन्हा हर्नचा विद्यार्थी झाला आणि हर्नच्या ग्रंथांसाठी जपानी साधनसामग्री गोळा करून देऊ लागला. त्या कामाच्या मोबदल्याने त्याच्या शिक्षणालाही हातभार लागला. मात्सुएमध्ये ज्याच्या वहीतील इंग्रजी हर्न तपासीत होता, तोच आता हर्नला त्याचा जपान पुरवू लागला. हर्न १९०४ मध्ये वारला. विद्यापीठात त्याने सावकाश, जवळजवळ सांगून लिहवून घ्यावीत अशा रीतीने दिलेली साहित्यविषयक व्याख्याने विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांतून संकलित होऊन १९१५ पासून ग्रंथरूपाने निघाली. मात्सुएच्या मुलांचे शब्द शिक्षकाच्या वहीत राहिले. टोकियोच्या शिक्षकाचे शब्द विद्यार्थ्यांच्या वह्यांत राहिले. हा विनिमय हर्नच्या कोणत्याही सिद्धान्ताहून त्याच्या अध्यापनाविषयी अधिक सांगून जातो.

१९८७ मध्ये जपानी शासनाने परदेशी तरुणांना शाळांतून भाषासाहाय्यक म्हणून आणण्याचा मोठा कार्यक्रम सुरू केला, आणि तेव्हापासून हर्नची अवस्था हजारो जणांच्या वाट्यास आली आहे. वर्गात नीशिदासारखा जपानी सहकारी, समोर मोजक्या परभाषेत बोलणारी मुले, करार वर्षाचा, आणि गावात सर्वांना ठाऊक असलेले परके नाव, ही चौकट फारशी बदललेली नाही. अशा शिक्षकांच्या लेखनाचा अभ्यास करणाऱ्याला हर्नच्या दैनंदिनीवरून एक कसोटी घेता येईल. तो शिक्षक समाजाविषयी काय निष्कर्ष काढतो हे पाहण्यापूर्वी, त्याच्या पाहुणेपणाच्या आड काय राहिले असावे याचे भान त्याच्या लेखनात आहे की नाही, हे आधी पाहावे. हर्नच्या लेखनात हे भान सर्वत्र नाही. जेथे आहे, तेथे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तो करड्या-निळ्या इमारतीतील वर्ग आजही भरलेला दिसतो, आणि त्यातील प्रत्येक मुलाला स्वतःचे नाव आहे.